बावीस पिवळ्या रेघा

मेश्रामताईंनी अंगणात खड्डा खणायला घेतला, तेव्हा गल्लीने ठरवून टाकलं की बाई विहीर खणतायत. निवृत्त होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. मग खड्डा लांबट होत गेला, त्याला विटांच्या भिंती आल्या, एका टोकाला चार पायऱ्या आल्या, आणि विहिरीची शंका मिटून वेगळ्या शंका सुरू झाल्या. शेवटी मीच कुंपणावरून विचारलं.

"ताई, हे काय आहे?"

"गाडीच्या खाली उतरायला."

"पण गाडी कुठे आहे?"

"येऊन राहिली," ताई म्हणाल्या आणि गवंड्याला ओळंबा धरायला सांगितला.

आधी खड्डा, मग गाडी. हा क्रम लक्षात ठेवला तर मेश्रामताई अर्ध्या समजतात.

आमची कॉलनी जबलपूरच्या रांझी भागात. इथे निम्मी घरं फॅक्टरीवाल्यांची. ताईंचे वडील भंडाऱ्याकडून फिटर म्हणून आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, वडील इकडेच राहिले. ताई इथेच जन्मल्या, शिकल्या आणि ट्रक बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत तपासणी विभागात लागल्या. बत्तीस वर्षं तिथेच. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "तपासणीत पास नाई झाला कोणी." विचारणारा हसायचा. ताई हसत नसत.

गाडी आली ती एका लष्करी अधिकाऱ्याची. त्याची बदली झाली होती आणि त्याला ती लांबवर न्यायची नव्हती. गडद निळी, चार दारांची, परदेशी बनावटीची सेडान. बाहेरून पाहिली तर एखाद्या शांत डोळ्यांच्या डॉक्टरची वाटावी. पण आत टर्बो होता. मला ताईंनी तो असा समजावला: इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया न घालवता त्याच्यावर एक चक्री फिरवायची, आणि त्या चक्रीने हवा दाबून परत इंजिनात भरायची. जास्त हवा, जास्त जोर. दाबलेली हवा तापते, म्हणून ती पुढच्या बंपरमागच्या एका जाळीतून थंड करून न्यायची. "घरातला माणूस जो श्वास टाकून देते," ताई म्हणाल्या, "तोच कामाला लावायचा."

पहिल्याच आठवड्यात कोणी तरी सांगितलं की नवी गाडी नर्मदेच्या ग्वारीघाटावर न्यायची असते. ताई बौद्ध, पूजा त्या करत नसत; पण नदी त्यांना आवडायची, आणि रस्ता कसा लागतो ते पाहायचं होतं, म्हणून आम्ही गेलो. घाटावर फुलवाली झेंडूचा जाड हार घेऊन धावत आली आणि गाडीच्या तोंडावर बांधायला लागली. ताईंनी तिचा हात धरला.

"अरे दीदी, नर्मदा मैया का है, शुभ होता है."

"शुभ है, पर हवा रुकती है," ताई म्हणाल्या. "जाली के सामने नहीं. पीछे बाँधो."

तर आमच्या गाडीला हार मागे बांधला होता. घाटावरचे नावाडी परत निघेपर्यंत हसत होते. ताईंनी हाराचे पैसे दिले, वर फुलवालीला समजावलं की पुढून हवा का लागते. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग कामं सुरू झाली. माझी समजूत होती की गाडी वेगवान करायची म्हणजे आधी इंजिनाला हात घालतात. ताईंनी पहिले तीन महिने फक्त ब्रेक बदलले. मोठ्या चकत्या, चांगले पॅड, नवे पाइप. "थांबता येत नाई तोवर पळायचा अधिकार नाई," हे त्यांचं म्हणणं. मग स्प्रिंगा. मग हवा थंड करणारी ती जाळी, मूळच्या दीडपट. ती बसवायला लागणारे ब्रॅकेट त्यांनी स्वतः कापले, घासले. सगळ्यात शेवटी नागपूरहून एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि इंजिनाच्या मेंदूतला हिशेब बदलून गेला. तो दोन तास बसला. ताई त्याच्या शेजारी दोन तास उभ्या. रंग, आकार, आवाज मात्र त्यांनी होता तसा ठेवला. सायलेन्सर मोठा का नाही केला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आवाज म्हणजे जोर बाहेर गळून राहिला."

या सगळ्यामागे त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भाजी निवडत बसलो होतो.

"बत्तीस वर्षं मी ट्रक पास केले, वर्षा. चालवला एक पण नाई. टेस्ट ड्रायव्हर वेगळे असायचे. शेडच्या भिंतीपलीकडे ट्रॅक होता. मी आवाजावरून सांगायची, आता तिसरा टाकला, आता चौथा. पण आवाजच."

"मग आता चालवता आहात ना."

"हे भाजी आणायचं चालवणं झालं. मला एकदा सरळ जागा पाहिजे. पाय पूर्ण दाबून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या हाताने कसलेली गाडी. एकदा. मग बस." आणि लगेच, "रस्त्यावर नाई. रस्ता दुसऱ्यांचा पण असते."

आता माझा या गोष्टीतला भाग. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त तपासणे, रिपोर्ट काढणे, सही करणे. गाडीतलं मला काही कळत नव्हतं. एका रविवारी सकाळी ताई टॉर्च आणि एक लांबट वही घेऊन दारात आल्या.

"दहा मिनिटं आहे का तुझ्याकडे? तपासणीला माणूस पाहिजे."

"ताई, मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणून तर आली. कळणारा माणूस अंदाज लावते. तू फक्त पाह्य."

फॅक्टरीत नियम होता: जो नट कसतो, तो तपासत नाही. कसणारा वेगळा, तपासणारा वेगळा, दोघांच्या सह्या वेगळ्या. ताईंनी तो नियम घरी आणला होता. नट ठरल्या जोराने कसला की त्याच्यावरून शेजारच्या धातूवर एक पिवळी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मधेच तुटते. तपासणाऱ्याने काही समजायची गरज नाही. रेघ सलग आहे की तुटली, एवढं पाहायचं. गाडीवर अशा बावीस रेघा होत्या. रंगाची लहान डबी त्या बाजारातल्या कमानिया गेटजवळच्या एका दुकानातून आणत. त्या गर्दीत हातगाड्यांच्या मागे ही गाडी मुंगीच्या चालीने चालली की मला हसू यायचं; ताईंना नाही.

वहीत तीन रकाने होते: जागा, कसणार, तपासणार. दर रविवारी मी खड्ड्यात उतरायची, टॉर्च मारायची, बावीस टिका करायची आणि सही. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला आणि मग सवय झाली.

एकदा सिग्नलला आमच्या बाजूला एक लाल हॅचबॅक थांबली. मागे फुटबॉलएवढा सायलेन्सर. आतल्या पंचविशीतल्या माणसाने पांढऱ्या केसांच्या बाईला एवढ्या मोठ्या गाडीत पाहिलं आणि काच खाली केली.

"आंटीजी, ऑटोमॅटिक है क्या? गेयर बदलना आता है?"

ताई त्याच्या गाडीकडे खाली वाकून पाहत होत्या. "भैया, तुम्हारा पिछला बायाँ पहिया डोल रहा है. नट ढीले हैं. साइड में लगाओ."

तो हसला. दिवा हिरवा झाला, तो दणदणत पुढे गेला, आणि शंभर पावलांवर कडेला थांबला. आम्ही पोचलो तेव्हा तो चाकाजवळ उकिडवा बसला होता. चारातले तीन नट बोटाने फिरत होते. ताईंनी डिकीतून पाना काढून दिला, पण कसून दिलं नाही. त्यालाच कसायला लावलं आणि मग स्वतः तपासलं. नियम म्हणजे नियम. हा पटेल. त्या दिवसापासून तो त्यांना मॅडम म्हणू लागला आणि त्यानेच सांगितलं की शहरातले काही गाडीवाले वर्षातून एकदा, हिवाळ्यात, परवानगी काढून शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर एकेक गाडी सोडतात. एका वेळी एकच. सरळ जागा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ताईंनी नाव दिलं.

धावपट्टीच्या आदल्या दिवशी शनिवार होता. माझ्याकडे नणंदेकडचे पाहुणे यायचे होते. मी नवी साडी नेसून, अर्धा स्वयंपाक सोडून तपासणीला गेले. बॉनेटमधल्या रेघा पाहिल्या. चाकांच्या पाहिल्या. खड्ड्यात उतरले नाही. खालच्या सहा रेघा मागच्या रविवारी ठीक होत्या, आठवड्यात काय होणार, असं वाटलं. बावीस टिका केल्या, सही केली, "झालं ताई, सगळं जागेवर" म्हटलं आणि पुऱ्या तळायला परत आले.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर ताईंनी हेल्मेट घातलं, पदर खोचून त्यावर पट्टा लावला आणि हाताची बोटं एकदा उघडून मिटली. झेंडा पडला. पहिला गेअर, दुसरा. आवाज गोड होता. तिसरा टाकला आणि फस्स झालं. एखाद्या कुकरची शिट्टी अर्धवट राहावी तसं. गाडीतला जोर निघून गेला आणि ती उरलेली धावपट्टी आपल्या वजनाने घरंगळत गेली. मागून कोणी तरी म्हणालं, "आंटी की हवा निकल गई." पटेलने त्याला गप्प केलं.

ताई उतरल्या, टॉर्च घेतला, डांबरावर पाठ टेकून बंपरखाली गेल्या. बाहेर आल्या तेव्हा शांत होत्या.

"हवेच्या पाइपाचा खालचा क्लॅम्प सैल होता. पाइप सुटला. रेघ तुटलेली आहे, बोटभर. काल पण तुटलेलीच असेल."

मी तोंड उघडलं. बहुतेक पाहुण्यांबद्दल सांगणार होते. ताईंनी हात वर केला, वही काढली, माझ्या सहीच्या पुढे त्यांच्या नीट अक्षरात लिहिलं: 'पाहिलं नाही.' खोडलं काही नाही, ओरडल्या नाहीत. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लॅबमध्ये माझ्या हाताखालच्या मुलींनी नळी न पाहता सही केली तर मी काय बोलते, ते मला माहीत आहे.

घरी उतरताना मी म्हटलं, "ताई, दुसरं कोणी पाहा तपासणीला."

"काहून? तू आता एकदा चुकलीस. नवा माणूस अजून चुकायचा आहे. रविवारी ये."

मी गेले. जुना सलवार-कमीज घालून.

पुढच्या पावसाळ्यानंतर ताईंच्या गाडीचा डावा आरसा फाटकाला घासला. मग पुन्हा घासला. अशी चूक ताईंकडून होणं म्हणजे घड्याळाने तेरा वाजवणं. मी डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर कमी होत होती. गेलेली परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी टिकवायची. गाडीचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले की सध्या टाळलेलंच बरं, बाजूचं किती दिसतं ते घरच्या माणसाला पाहू द्या.

धावपट्टीला दीड महिना होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई वही घेऊन आल्या. "माझी नजर मी तपासू शकत नाई. कसणारा तपासत नाई. तू बस बाजूला. बरगीच्या रस्त्याने जाऊ, सकाळी रिकामा असते. चाळीसच्या वर नाई नेणार. डावीकडून जे येईल, ते मी आधी बोलली तर टीक. तू आधी पाहिलं तर तिथेच ओरड, आणि फुली."

आम्ही गेलो. माझा एक हात हँडब्रेकवर होता. ताई बोलत होत्या, "सायकल. बैल. म्हातारा." टीक, टीक, टीक. मग मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई कडेने रस्त्यात आली आणि ताई काही बोलल्या नाहीत. "ताई, डावीकडे." फुली. मग एक शेळी. फुली. मग शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी, अगदी जवळ. मी ओरडले, ताईंनी ब्रेक दाबला. ते तीन महिने बसवलेले ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, मुलगी आमच्याकडे पाहून निघून गेली.

पुढे धरण दिसायला लागतं तिथे ताईंनी गाडी कडेला घेतली.

"लिही."

मला चांगलंच माहीत होतं, मी काय लिहिणार त्यावर काय अवलंबून आहे ते. दोन वर्षं खड्ड्यातून पाहत होते. तीन फुल्यांच्या दोन करता आल्या असत्या. धावपट्टी रिकामी असते, तिथे शेळ्या नसतात, असंही म्हणता आलं असतं. मी ते म्हटलंही.

"ताई, तिथे डावीकडून कोण येणार आहे? एकच तर फेरी."

"तिथे झेंडेवाला डावीकडे उभा असते," ताई म्हणाल्या. "त्याचा पण जीव आहे. तू अंदाज नको लावू, वर्षा. तू काय पाहिलं ते लिही."

मी लिहिलं: नापास. खाली सही केली, तारीख घातली.

ताईंनी वही जरा तिरपी धरून वाचली. मग म्हणाल्या, "या वेळी सही नीट आहे." दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. "सरक तिकडे."

"मी?"

"बारा वर्षं ती डबी चालवून राहिली न लॅबला? हिला पण तेच तीन पेडल आहेत."

ती डबी म्हणजे माझी साधी छोटी गाडी. मी सरकले. ताई बाजूला बसल्या आणि शिकवणी सुरू झाली, ती दीड महिना चालली. "टर्बो आधी विचार करते, मग धावते. तुला जोर पाहिजे त्याच्या आधी सांग तिला." "पाय असा नको ठेवू, झुरळ मारून राहिली का?" "घाबरली तरी चालेल, पण स्टीअरिंगला कळू नको देऊ." गल्लीतली सगळी मंडळी संध्याकाळी आम्हाला जाता-येताना पाहायची. माझ्या नवऱ्याने एकदाच विचारलं, हे सगळं कशासाठी. मी म्हटलं, एक सही चुकली होती.

एक अडचण होती. खड्ड्यातल्या अंधारात बारीक रेघ ताईंना आता भिंगाशिवाय दिसत नव्हती, आणि भिंग धरलं की पान्याला हात उरत नव्हता. म्हणून धावपट्टीच्या आदल्या दिवशी नट मी कसले. टॉर्क पाना ठरल्या जोरावर टक् आवाज करेपर्यंत, बावीस वेळा. रेघाही मी ओढल्या. ताईंच्या रेघांसमोर त्या वाकड्या होत्या. ताईंनी वहीत नाव लिहिलं: कसणार, वर्षा. मग एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भिंग घेऊन त्या खड्ड्यात उतरल्या आणि पाऊण तास वर आल्या नाहीत. मी काठावर बसून राहिले. त्या पाऊण तासात मला कळलं, दर रविवारी मी खाली असताना ताईंना काठावर काय वाटत असेल.

धावपट्टीवर झेंडा पटेलकडे होता. डावीकडे उभा. तो वाकून म्हणाला, "मॅडम, इस बार आप इधर?"

"मैं इस बार इन्स्पेक्शन में हूँ," ताई म्हणाल्या.

झेंडा पडला. पहिला. दुसरा. तिसरा टाकला तेव्हा मी नकळत दात आवळले. फस्स झालं नाही. उलट पाठीला कोणी तरी मोठा हात लावून ढकललं आणि ढकलतच राहिलं. धावपट्टी माझ्याकडे धावत आली. मला वाटलं होतं ताई समोर पाहतील. त्या मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होत्या. "आता चौथा," त्या म्हणाल्या, अगदी हळू. मी चौथा टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय एकदाही उचलला नाही. मग खूण आली आणि ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ रेषेत थांबली.

आम्ही पहिले आलो नाही. तिसरेही नाही. चौदा गाड्यांत सातवे. वेळ जाहीर करताना माइकवरच्या माणसाने गाडी कुठल्या गॅरेजमध्ये बनवली, असं विचारलं. मी सांगितलं, आमच्या गल्लीत. मेश्राम मॅडमनी. धावपट्टीवरची सगळी मंडळी एकेक करून बॉनेटभोवती जमली. आदल्या वर्षी हवा निघाल्याचं बोललेला माणूसही त्यात होता, आणि ब्रॅकेट कोणी कापले, हे तोच विचारत होता. मला अभिमान फार कमी गोष्टींचा वाटतो. त्या दिवशी वाटला आणि मी तो लपवला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ताई गेल्या. हृदयाने, दुपारी, झोपेत. गाडी माझ्याकडे आहे, खड्डाही. पण मला त्या आठवतात त्या धावपट्टीच्या दिवशीच्या. गर्दी पांगली, पटेल झेंडा गुंडाळत होता, आणि ताई कुठेच दिसेनात. गाडीला वळसा घालून पुढे गेले, तर बंपरखालून दोन पांढरे कॅनव्हासचे बूट बाहेर आले होते, टाचा डांबरावर, चवडे आकाशाकडे. आतून टॉर्चचा उजेड हलत होता आणि आवाज येत होता.

"एकोणीस. वीस. एकवीस."

मग उजेड एका जागी थांबला.

"बावीस," ताई म्हणाल्या. "वही दे. सही करते."